चाकाचा घेर

पोळा झाला आणि योगिनीनं सायकल पुन्हा बाहेर काढली. जूनपासून ती ओसरीत जुन्या चादरीखाली उभी होती. आधी शाळा सुरू व्हायची गडबड, मग पावसाची झड, मग तिला स्वतःलाच आठ-दहा दिवस ताप. असं करत करत दोन महिने निघून गेले होते.

योगिनी इंगोले शेजारच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. वय पंचेचाळीसच्या आसपास. नवरा रामराव घरची शेती पाहायचा आणि एकुलती एक मुलगी संस्कृती यंदा बारावी होऊन पुढच्या प्रवेशाची वाट पाहत होती. गाव मंगरूळपीरहून जवळ. कारंज्याकडे जाणारी एसटी फाट्यावर थांबायची. दोन वर्षांपूर्वी योगिनीला फळ्यावर लिहिता लिहिता दम लागायला लागला. नागपूरला नेलं तेव्हा कळलं की लहानपणी कधीतरी येऊन गेलेल्या सांधेतापानं हृदयाची एक झडप आखडून ठेवली होती. ऑपरेशन झालं, झडप दुरुस्त झाली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाल्या होत्या, "चालणं ठेवा. जमलं तर सायकल चालवा, सपाट रस्त्यावर. आणि एक लक्षात ठेवा. पुन्हा दम लागतोय असं वाटलं, तर घरी बसून वाट पाहू नका. सरळ इकडे या."

तिचा धाकटा भाऊ प्रज्वल पुण्याला नोकरीत होता. त्यानं बहिणीसाठी हलकी, गिअरची सायकल पाठवली, आणि दिवाळीत आला तेव्हा हँडलवर काडेपेटीएवढा एक मीटर बसवून दिला. चाकाच्या एका तारेला छोटं चुंबक, त्याच्यासमोर दांडीवर सेन्सर. किती अंतर झालं, किती वेगानं झालं, सगळं त्या इवल्याशा काचेत दिसायचं. पहिल्या दिवशी योगिनी गावाबाहेरच्या वळणापर्यंत जाऊन रस्त्याच्या कडेला धापा टाकत बसली होती. वर्षभरात ती पाच किलोमीटर जाऊन पाच किलोमीटर परत यायला लागली. घरी आली की अंगणात उभ्यानंच सरासरी वेग बघायची. सोळा दिसला की निर्धास्त होऊन आंघोळीला जायची.

पोळ्यानंतरच्या पहिल्या सकाळी मीटरनं साडेतेरा दाखवले.

"तापातून उठलीस, असंच होईन," रामराव म्हणाला, आणि तिलाही ते पटलं. पण दुसऱ्या आठवड्यातही आकडा चौदावर अडकून होता. तिसऱ्या आठवड्यात तिनं जोर लावला. मांड्या भरून येईपर्यंत पायडल मारलं, घरी येऊन खांबाला धरून उभी राहिली. छाती भात्यासारखी चालली होती. मीटरवर चौदा पॉइंट सात.

त्या दिवशी तिनं कोणाला आकडा सांगितला नाही. रामरावानं विचारलं तेव्हा "बरं हाये" म्हणून ती आत गेली.

त्यानंतर तिला सगळीकडे दम दिसायला लागला. शाळेच्या तीन पायऱ्या चढताना ती मनातल्या मनात श्वास मोजायची. रात्री डाव्या कुशीवर झोपलं की छातीतले ठोके कानात ऐकू यायचे. डॉक्टरांचं बोलणं तिला पाठ होतं आणि नागपूरची गाडी रोज सकाळी फाट्यावरून जात होती. तरी ती गेली नाही. कारण नेमकी त्याच आठवड्यात संस्कृतीची यादी लागली होती.

संस्कृतीला नागपूरला पशुवैद्यकीयला जागा मिळाली होती. लहानपणापासून ही पोरगी गोठ्यात वाढलेली. एकदा गाय अडली तेव्हा सगळी माणसं बाजूला झाली आणि दहावीतली ही पोर डॉक्टरच्या हाताखाली बादली धरून उभी राहिली होती. जागा मिळाल्याचं कळलं तेव्हा ती अंगणभर नाचली. आठवडाभरात जाऊन प्रवेश पक्का करायचा होता.

आणि योगिनीच्या डोक्यात दुसरंच चालू होतं. आपण नागपूरला दाखवायला गेलो आणि पुन्हा ऑपरेशन निघालं, तर पोरगी वसतिगृहात राहणार नाही. सगळं सोडून उशाशी येऊन बसेल. न दाखवता तिला पाठवून दिलं आणि मागे काही झालं, तर घरात एकटे रामराव. त्यांना साधा चहा धड करता येत नाही. ती या टोकावरून त्या टोकाला जायची आणि परत यायची. शेवटी एका संध्याकाळी, भाकरी थापता थापता, तिच्या तोंडून निघालं, "संस्कृती, मंगरूळचं कॉलेज काय वाईट हाये? बीएस्सी कर. घरून येणं-जाणं होईन."

संस्कृती ताटं मांडत होती. ती हातातलं ताट घेऊनच वळली.

"काय म्हणून राह्यली तू मम्मी?"

"नागपूर लांब पडते. पाच वर्षं. इथं घरी कोण हाये मग?"

"तूच तर म्हणत होती, पहिल्या दिवशी मी सोबत येईन म्हणून!"

"म्हटलं असन. आता विचार बदलला."

संस्कृतीनं बापाकडे पाहिलं. रामरावालाही हे नवीन होतं. तो म्हणाला, "अवं, पण काहून? पोरगी स्वतःच्या हिमतीवर लागली ना तिथं..."

"तुमी मध्ये नका बोलू," योगिनी एवढंच म्हणाली आणि तव्याकडे वळली. संस्कृती न जेवता उठून गेली. आतल्या खोलीतून बराच वेळ काही आवाज आला नाही, आणि योगिनीला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. योगिनी सकाळी सायकल घेऊन निघाली ती केवळ घरात बसवेना म्हणून. रस्ता रोजचाच. दोन्ही बाजूंनी सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं, मध्ये मध्ये तुरीच्या ओळी डोक्याएवढ्या झाल्या होत्या. मीटरवर पाच दिसलं तशी ती थांबली आणि सायकल वळवायला लागली. रोजच्यासारखा एक काळा कुत्रा शेताच्या फाटकातून भुंकत धावत आला. त्याच्या मागे, हातात काठी घेऊन, नानीबाई.

नानीबाई राठोडचं शेत तिथं होतं. बाई साठीच्या पुढची, सकाळपासून शेतातच असायची. योगिनीच्या शाळेत तिची नात होती, त्यामुळे ओळख होती, पण या रस्त्यावर दोघी आजवर कधी बोलल्या नव्हत्या.

"मॅडम, एक गोष्ट बोलू काय? राग नका मानू," नानीबाई कुत्र्याला काठीनं मागे सारत म्हणाली. "तुमी पहिले जिथून वळत होत्या ना, तिथूनच वळत जा. हा हरामी रोज तुमच्यामागं धावते, अन् त्याच्या आवाजानं माह्या बकऱ्या बिचकतात. काल एक दावं तोडून तुरीत घुसली."

"मी तर पहिलेपासून इथूनच वळते, नानीबाई."

"नाई वो मॅडम. उन्हाळ्यात तुमी थ्या डीपीपासून वळत होत्या." तिनं काठीनं मागे दाखवलं. बऱ्याच लांब, दोन खांबांवर विजेची डीपी दिसत होती. "मी इथून रोज पाहो. बाभळीखाली उभ्या राहून पाणी पेत होत्या अन् वापस जात होत्या. या कुत्र्याले तुमी कोण हेही मालूम नव्हतं."

योगिनीनं डीपीकडे पाहिलं. बाभळीखाली. हो, पाणी तर ती बाभळीखाली प्यायची. पातळ सावली पडायची, सायकल बुंध्याला टेकवायची.

"पण बाभूळ कुठं हाये तिथं आता?"

"तोडली ना. तारेले लागत होती म्हणून जूनमध्ये लाइनवाले येऊन तोडून गेले."

योगिनीनं सायकल डीपीपर्यंत हातात धरून नेली. गवत बाजूला केलं तर खरंच बाभळीचा बुंधा होता, गुडघ्याखाली कापलेला. उन्हाळ्यात इथं सगळी काळी, उघडी जमीन होती. आता सगळीकडे हिरवं-पिवळं, एका शेतासारखं दुसरं शेत. झाड नाही म्हणून जागाही ओळखू आली नव्हती. ती मीटरचा आकडा बघून वळत होती, आणि मीटर तिला रोज इथून बरंच पुढं नेत होता.

तिनं अंतर शून्यावर आणलं आणि बुंध्यापासून घराकडे निघाली. वाटेत एकदाही वेगाकडे पाहिलं नाही. घराच्या फाटकाशी उतरून वाकून बघितलं. चार पॉइंट सहा.

उन्हाळ्यात हाच रस्ता पाच होता. रस्ता काही आकसला नव्हता. मग तिला सुचलं म्हणून बटन दोनदा दाबून तिनं आजवरचं एकूण अंतर काढलं. हा आकडा ती क्वचितच बघायची. मे महिन्यात प्रज्वलला फोनवर तिनं मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, तीन हजारांच्या वर गेलेय म्हणून. आता तिथं दीडशेच्या आसपास काहीतरी होतं.

रामराव गोठ्यात बैलांना कुटार टाकत होता.

"अवो," ती दारातूनच म्हणाली, "माह्या मीटरले कोणी हात लावला होता?"

रामरावानं टोपलं खाली ठेवलं. "काहून? बंद पडला काय पुन्हा?"

"पुन्हा म्हणजे?"

"तुले ताप होता ना जुलैत, तवा पाह्यलं मी, काच कोरी पडली होती. सेल गेला असन म्हणून मंगरूळवरून घड्याळवाल्याकून आणला अन् टाकला. तू उठून सायकलवर बसशील अन् मीटर बंद दिसन, तर मन खट्टू होईन तुहं, म्हणून." त्यानं टोपलं पायानं बाजूला सारलं. "सेल टाकला तं ते काहीबाही आकडे चमकवाले लागलं. मी बटन दाबत गेलो, दाबत गेलो, तवा कुठं चालू झालं. घड्याळ मात्र बराबर लावलं. मोबाईलमध्ये पाहून लावलं."

"मग मले सांगतलं काहून नाई?"

"त्यात काय सांगाचं? सेल तं बदलला."

योगिनी गोठ्याच्या दाराला टेकली. तिला हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच कळेना. "संस्कृती," तिनं हाक मारली, "मामाले फोन लाव बरं."

संस्कृती सुजलेल्या डोळ्यांनी बाहेर आली. फोन लावून न बोलता तिनं तो आईच्या हातात दिला. प्रज्वलनं दोन मिनिटांत सगळं ओळखलं. सेल काढला की मीटर सगळं विसरतो, तो म्हणाला. चाक एका फेऱ्यात किती जातं, म्हणजे चाकाचा घेर, तो आकडा त्याला पुन्हा सांगावा लागतो. भाऊजींनी न बघता बटन दाबलं, म्हणजे कंपनीतून आलेला, दुसऱ्याच कुठल्या छोट्या चाकाचा आकडा बसला असणार. "टायरवर लिहिलेल्या मापावरून मी अंदाजानं सांगू शकतो, ताई. पण तू मोजूनच घे. हवा पक्की भर. चाकाला खूण कर, वर बसून, सरळ रेषेत एक फेरा चालव अन् टेपनं मोज. वजन असलं की टायर थोडं दबतं, म्हणून बसूनच."

आता संस्कृतीही ऐकत होती. तिनं पंप आणला. रामरावानं शेतातल्या पाइपलाइनसाठी घेतलेला लांब टेप शोधून काढला. घरासमोरचा सिमेंटचा रस्ता सपाट होता. हवा भरायच्या नळीचं तोंड बरोबर खाली येईल असं चाक लावून संस्कृतीनं तिथं रस्त्यावर खडूनं रेघ मारली. योगिनी वर बसली, रामरावानं मागून सीट धरली.

"हळू. सरळ. बाबा, तुमी ढकलू नका, फक्त पडू देऊ नका."

पहिल्यांदा हँडल डगमगलं आणि चाक तिरकं गेलं. समोरच्या ओट्यावरून चतुराबाई म्हातारीनं विचारलं, "काय वं योगिनी, सायकल विकाची हाये काय? गिऱ्हाईक कुठं हाये?"

"विकाची नाई, काकू. मोजून राह्यलो."

"सायकल मोजतेत? बरं बाप्पा." तिनं पाय आखडून घेतले आणि तमाशा बघत बसली.

दुसऱ्या खेपेला चाक सरळ गेलं. नळी फिरून खाली आली तिथं संस्कृतीनं रेघ ओढली, आणि बापलेकीनं दोन टोकांना बसून टेप ताणला. दोन मीटर आणि अठरा सेंटिमीटर. संस्कृतीला एकदा मोजून भागेना. तिनं आईला सलग तीन फेरे चालवायला लावले, ते मोजले, तीननं भागलं. तेच आलं. मग तिनं प्रज्वलमामाला विचारत विचारत बटन लांब दाबून मीटरच्या आतला आकडा काढला. तिथं बरोबर दोन हजार होते. मिलिमीटरमध्ये.

"म्हणजे मीटरले वाटते, चाक एका फेऱ्यात दोनच मीटर जाते," संस्कृती उकिडवी बसून मोबाईलवर गुणाकार करत म्हणाली. "खरं जाते दोन मीटर अठरा. प्रत्येक फेऱ्याले वरचे अठरा सेंटिमीटर हा खाऊन टाकते. मम्मी, तुही सरासरी किती येत होती?"

"चौदा पॉइंट सात."

संस्कृतीनं गुणाकार केला. "सोळा."

"किती?"

"सोळा. बराबर सोळा. अन् तू रोज दहाच्या जागी जवळपास अकरा किलोमीटर जाऊन राह्यली होती."

"पुन्हा कर बरं."

संस्कृतीनं पुन्हा केलं. सोळाच आले. योगिनी सायकलवरून उतरली, सायकल रामरावाच्या हातात दिली आणि घराच्या पायरीवर बसली. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले तसा रामराव घाबरून पुढं आला.

"काय झालं वं? दुखून राह्यलं काय?"

तिनं मान हलवली. मग तिनं सांगितलं. सगळंच. साडेतेरा, चौदा, खांबाला धरून उभं राहणं, डॉक्टरांचं बोलणं, डाव्या कुशीवरचे ठोके. बोलताना ती मध्येच हसत होती, मध्येच पदरानं नाक पुसत होती. रामराव ऐकता ऐकता रस्त्यातच खाली बसला, सायकल एका हातानं तशीच धरलेली.

संस्कृती मात्र उभी होती. "म्हणून तू मले मंगरूळलेच शिक म्हणत होती?"

योगिनीनं मान डोलावली.

"मले वाटलं तुले माह्यावर भरोसा नाई. रातभर मी हाच विचार केला, की मी असं काय केलं म्हणून मम्मीले वाटते ही पोरगी बाहेर राहू नाई शकणार." तिचा आवाज चढला. "अन् तू आजारी हाये असं समजून गुपचूप बसली? खरंच काही असतं तं? एक शब्द नाई सांगत कोणाले? बाबांनी सेल बदलला तं सांगतलं नाई, तुले मराची भीती वाटली तं तू सांगतलं नाई. काय घर हाये हे!"

"चुकलं माय," योगिनी म्हणाली.

"माहंही," रामराव खालूनच म्हणाला.

संस्कृतीनं रागानंच डोळे पुसले, आईशेजारी बसली आणि तिच्या खांद्यावर डोकं टाकलं. समोरून चतुराबाई ओरडली, "अवं, सायकल कमी भरली काय? रडून काहून राह्यल्या?" तेव्हा मात्र तिघंही हसले. रामराव तर इतका हसला की सायकल त्याच्या अंगावर कलंडली.

मीटरमध्ये नवा आकडा भरला गेला. दुसऱ्या दिवशी योगिनी पाच दिसले तशी बुंध्यापाशी थांबली, वळली, आणि घरी येऊन तिनं रामरावाला हाक मारून काच दाखवली. सोळाच्या वर होतं. तिनं जोर लावलाच नव्हता. उलट वाटेत एका ओळखीच्या बाईशी बोलत बोलत ती सावकाश आली होती. रात्री ती डाव्या कुशीवर झोपली आणि सकाळपर्यंत हललीही नाही.

तरी रामराव ऐकेना. "सायकलचा मीटर बराबर झाला, पण डॉक्टरीन बाईले दाखवल्याशिवाय माह्या जीवाले चैन नाई," तो म्हणाला. आणि नाहीतरी नागपूरला जायचंच होतं. संस्कृतीची बॅग, गादीची वळकटी आणि लोणच्याची बरणी घेऊन तिघं गाडीत बसले. गावातल्या चार बाया फाट्यापर्यंत सोडायला आल्या होत्या.

प्रवेशाचं काम दुपारपर्यंत झालं. मग तिघं दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी छातीची सोनोग्राफी केली, पडद्यावर बराच वेळ काहीतरी पाहिलं, आणि खुर्ची फिरवून म्हणाल्या, "झडप मस्त आहे. गेल्या वेळेपेक्षा चांगलं काम करतेय. काय करता तुम्ही?"

"सायकल चालवते."

"मग चालवत राहा. वर्षानं या."

दवाखान्याच्या बाहेर आल्यावर रामरावानं दोन-तीनदा टोपी काढून पुन्हा घातली. संस्कृतीनं आईचा हात धरला तो वसतिगृहाच्या फाटकापर्यंत सोडला नाही. तिथं मात्र तिनंच घाई केली. खोलीतल्या दुसऱ्या मुलींची ओळख करून घ्यायची होती, पलंग खिडकीजवळचा हवा होता. "जा आता तुमी, मी फोन करतो," म्हणत ती आत पळाली आणि अर्ध्या वाटेवरून परत येऊन दोघांना एकेक मिठी मारून गेली.

बसस्टँडवर आले तेव्हा ऊन उतरत होतं. रामरावानं बाजूच्या हॉटेलाकडे पाहिलं. "खाशील काय काही?"

गेला महिनाभर योगिनी अर्ध्या भाकरीवर उठत होती. आज सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं आणि ते तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. आता एकदम भूक लागली, लहानपणी शाळेतून आल्यावर लागायची तशी.

"सांबारवडी घ्या," ती म्हणाली.

गरम सांबारवडी आली, आत ठासून कोथिंबीर, वर तर्री, कांदा, लिंबू. योगिनीनं एक प्लेट संपवली. मग रामरावाच्या प्लेटमधली एक उचलली. मग आणखी एक प्लेट सांगितली. रामराव स्वतःचं खाणं विसरून तिच्याकडे बघत होता.

"अवं, आपली कारंज्याची गाडी लागली," तो एकदम म्हणाला. काचेतून दिसत होतं, लोक चढत होते, कंडक्टर घंटी वाजवत होता.

योगिनीनं मान वळवून पाहिलं. गाडी मागे सरकली, वळली आणि फाटकातून बाहेर गेली.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "दुसरी येईन. चहा सांगा."